भांड्यावर नाव कुणाचे?

आजचा विषय आहे संग्राहक जिवापाड जपतात ती मौल्यवान मनगटी घड्याळे आणि ती घडवणाऱ्या नामांकित पेढ्या. भंडारा जिल्ह्यात बसून हे ऐकणाऱ्यांना वाटेल, याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो पितळेचा आहे. जिनिव्हात तयार झालेले लाखो रुपयांचे यांत्रिक घड्याळ मागच्या बाजूने उघडले की ज्या तबकडीवर सगळी चाके, कमानी आणि माणके बसवलेली दिसतात, ती तबकडी बहुतेक वेळा पितळेची असते. बरीचशी दातेरी चाकेही पितळेचीच. वरून निकेलचा किंवा ऱ्होडियमचा मुलामा दिलेला असतो, म्हणून ती रुपेरी दिसते इतकेच. तांबे आणि जस्त यांचा हाच मिश्रधातू वैनगंगेकाठच्या भंडारा शहरात कासारांनी पिढ्यान्‌पिढ्या ठोकला, त्याचे गुंड, घागरी, पराती घडवल्या आणि या गावाला पितळनगरी हे नाव मिळवून दिले. तिकडे काही ग्रॅम पितळेभोवती लाखांचे मोल उभे राहते. इकडे घडवलेला गुंड तराजूत घालून किलोचा भाव सांगतात. माझे म्हणणे असे आहे की ही तफावत मुख्यतः नावाने पाडली आहे. घड्याळावर ते घडवणाऱ्याची खूण असते, आपल्या भांड्यावर नसते. आणि हे बदलणे आपल्या हातात आहे.

पहिली शंका लगेच येईल की त्या घड्याळांचे मोल सोन्याचे आणि हिऱ्यांचे असते, पितळेचे कसले? ही समजूत घड्याळांच्याच बाजाराने खोटी ठरवली आहे. १९७२ साली ऑदमार पिगे या स्विस पेढीने जेराल्ड जेंटा या रेखाटनकाराकडून ‘रॉयल ओक’ नावाचे घड्याळ करून घेतले. अष्टकोनी चौकट, तिच्यावर उघडे दिसणारे आठ स्क्रू, आणि सगळे साध्या पोलादात. किंमत ठेवली ३,३०० फ्रँक, म्हणजे त्या काळच्या कितीतरी सोन्याच्या घड्याळांहून जास्त. जाणकारांनी आधी नाके मुरडली. आज तेच घड्याळ संग्राहकांच्या यादीत अग्रभागी असते. त्याहून मोठा पुरावा नोव्हेंबर २०१९ मधला. पाटेक फिलीप या पेढीने एका दुर्धर स्नायुरोगावरील संशोधनाच्या मदतीसाठी एकच नग घडवून लिलावात दिला आणि त्याला ३ कोटी १० लाख स्विस फ्रँक मिळाले. मनगटी घड्याळाला तोवर कधीच एवढी किंमत आली नव्हती, आणि ते घड्याळ पोलादाचे होते. मोल धातूचे असते, तर हे घडलेच नसते. मोल कशाचे, ते भिंगातून दिसते. उत्तम घड्याळात आतल्या प्रत्येक सुट्या भागाची कड तिरकी तासतात आणि जेन्शियन नावाच्या डोंगरी झुडपाच्या वाळक्या काडीने घासून आरशासारखी करतात. घड्याळ बंद केल्यावर त्यातले बरेचसे काम कुणाला दिसणारही नसते. तरी ते केले जाते, आणि केले आहे याची कुणीतरी हमी घेतलेली असते.

या हमीचा इतिहास भंडाऱ्याने मुद्दाम पाहण्याजोगा आहे. १८८६ मध्ये जिनिव्हाच्या प्रांतिक विधिमंडळाने कायदा करून घड्याळांसाठी एक मुद्रा सुरू केली. घड्याळ त्या प्रांतात जुळवलेले हवे, आतले भाग ठरलेल्या दर्जाने घासलेले हवेत, आणि तपासणीत उतरले तरच यंत्राच्या पितळी तबकडीवर जिनिव्हाचे राजचिन्ह उमटवायचे. बाहेरगावचा हलका माल जिनिव्हाच्या नावावर खपत होता, त्यावर त्या गावाने शोधलेला हा तोडगा. पुढे स्विस घड्याळधंद्यावर मोठे संकट आले. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. बॅटरीवर चालणारे हे घड्याळ महिन्याकाठी काही सेकंदच चुकते. चांगले यांत्रिक घड्याळ तेवढे एका दिवसात चुकते. वेळ पाहणे एवढ्याच कामासाठी यांत्रिक घड्याळ घेण्याचे कारण उरले नाही. १९७० च्या सुमारास सुमारे ९० हजार माणसे या धंद्यात होती, ती पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ३० हजारांच्या आसपास आली. आपल्याकडे आधी स्टीलने आणि मग प्लास्टिकने पितळेचे जे केले, तेच हे. जे स्विस कारागीर तगले त्यांतल्या एका मोठ्या वर्गाने स्वस्ताईशी झुंज सोडली आणि हाताचे काम, पेढीचे नाव, गावाची मुद्रा यांनाच बाजारात पुढे केले. यंत्राने गरज संपवली, पण हाताची प्रतिष्ठा राहिली, कारण ती नोंदवून ठेवलेली होती.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. हा सगळा श्रीमंतांचा खेळ आहे, माल मुद्दाम थोडा काढायचा, गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे यादीत ताटकळत ठेवायचे आणि भाव फुगवायचा. त्यातून कासाराने काय शिकावे? आक्षेपात तथ्य आहे. कृत्रिम टंचाई आणि प्रचंड जाहिरात या दोन्ही गोष्टी त्या बाजारात आहेत, आणि सट्टा म्हणून घड्याळ घेणाऱ्यांबद्दल मला मुळीच आस्था नाही. परंतु टंचाई आणि श्रीमंती वगळूनही नावाचे मोल उरते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. सरकारी एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरूत घड्याळे काढायला सुरुवात केली. ‘जनता’ हे तिचे सतरा माणकांचे, रोज चावी द्यायचे घड्याळ. मास्तर, तलाठी, रेल्वेतला कामगार अशा सगळ्यांच्या मनगटावर ते असे. लग्नात जावयाला दिले जाई. लाखांनी निघालेल्या या घड्याळात टंचाई कुठली? तरीही कारखान्याला कुलूप लागणार हे ठरल्यावर, आणि २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो निर्णय पक्का केल्यावर, संग्राहक जुनी एचएमटी शोधू लागले. ते पाहतात काय? मागचे झाकण उघडून यंत्र मूळचेच आहे ना, दर्शनी तबकडीवरची देवनागरी अक्षरे कारखान्यातली आहेत की कुणी नव्याने रंगवली. रंगवलेली तबकडी कितीही चकचकीत असली तरी तिला मान नाही. पिवळी पडलेली, पण मूळची असेल तर आहे. वस्तू कुणी, कुठे घडवली याचा खात्रीशीर माग हेच इथले धन आहे, आणि ते साध्या माणसाच्या घड्याळालाही मिळाले.

आता आपल्या हस्तकलांकडे वळू. हाताला नाव नसले की काय होते, हे जवाहिऱ्यांच्या इतिहासात दिसते. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी कार्तिए पेढीचा जाक कार्तिए भारतात आला आणि संस्थानिकांशी त्या घराण्याचा व्यवहार वाढला. इथल्या कारागिरांनी पाने-फुले कोरलेले पाचू, माणके आणि नीलमणी पॅरिसला गेले, तिथल्या कोंदणात बसले आणि आज लिलावात कार्तिएच्या नावाने विकले जातात. ते खडे कोरणाऱ्याचे नाव कुठल्याही सूचीत सापडत नाही. ते नाव कुणी चोरले असे नव्हे. आपणच ते कधी लिहिले नाही. आजच्या सराफ ओळीतही तेच आहे. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क आला, १ एप्रिल २०२३ पासून तर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. गिऱ्हाइकाची फसवणूक रोखण्यासाठी ही मोठी सोय झाली. त्या क्रमांकावरून शुद्धता कळते, सराफ कळतो, तपासणी केंद्र कळते. ज्याने दागिना घडवला तो मात्र घडणावळीच्या आकड्यात विरून जातो.

भांड्यांची तर कहाणीच उलटी आहे. आपल्या घरातली जुनी पितळी भांडी काढून पाहा. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेले दिसेल: देणाऱ्याचे, घेणाऱ्याचे, कधी गावाचे, लग्नाच्या तिथीचे. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देण्याची सोय असतेच. म्हणजे पितळेवर नाव घालण्याचे हत्यार आहे, हात आहे, रिवाज आहे. मामाचे नाव आहे, आत्याचे आहे. नाही ते फक्त कासाराचे. म्हणून पुढे ते भांडे विकायला काढले की मोडीच्या भावात जाते. कुणाच्या हातचे, हे सांगणारे त्यावर काहीच नसते.

कुणी म्हणेल, घागर म्हणजे काही शोभेचे घड्याळ नव्हे. नाव घातले म्हणून गिऱ्हाईक चार पैसे जास्त देणार आहे का? साच्यातून निघालेल्या मालाला तो देणार नाही, आणि देऊही नये. सगळी भांडी नामांकित व्हावीत असे मी म्हणत नाही. पण हाताने ठोकलेल्या भांड्यावर ठोके ओळीने, सारख्या खोलीने पडलेले असतात, जोड बोटाला लागत नाही, काठ एकसारखा वळलेला असतो. हे काम ज्याला जमते त्याने खूण उमटवली, तर दुसऱ्या दिवशी भाव वाढणार नाही, पण पुढचे गिऱ्हाईक ती खूण शोधत येईल. दुसरे असे की खूण ही जबाबदारीही असते. जोड निसटला तर गिऱ्हाईक कुणाकडे जायचे ते जाणते. जिनिव्हाची मुद्रा टिकली ती तपासणीच्या जोरावर, आणि इथेही नुसती खूण पुरणार नाही. कासारांच्या संघटनेने दोन-चार जाणत्यांकडून नग तपासून मगच भंडाऱ्याची मुद्रा द्यावी लागेल. पैठणी आणि कोल्हापुरी चप्पल यांना भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाने गावाचे नाव राखले जाते, माणसाचे नाव त्यापुढची पायरी आहे.

तेव्हा भंडाऱ्यातल्या कारागिरांना माझी विनंती आहे की येत्या लग्नसराईत हातघडणीच्या नगावर आपले नाव आणि साल घाला. आणि श्रोतेहो, आंदणाची भांडी घ्यायला जाल तेव्हा देणाऱ्याचे नाव जरूर घालून घ्या. त्याच काठावर ते भांडे घडवणाऱ्याचेही नाव मागा.