युद्धकैद्यांचे येणे

(व्याख्यानाचा सारांश)



सरकारी कागदपत्रांत 'सानुग्रह रक्कम' हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. देणाऱ्यावर देण्याचे कोणतेही बंधन नाही, तो केवळ कृपा म्हणून देत आहे, असा त्याचा अर्थ. ७ नोव्हेंबर २००० रोजी ब्रिटिश सरकारने दुसऱ्या महायुद्धात जपानच्या कैदेत राहिलेल्या सैनिकांना व नागरिकांना, आणि ते हयात नसल्यास त्यांच्या मागे राहिलेल्या पतीला वा पत्नीला, प्रत्येकी १० हजार पौंड जाहीर केले ते याच नावाने. कॅनडाने १९९८ साली हाँगकाँगमध्ये पकडल्या गेलेल्या आपल्या सैनिकांना सुमारे २४ हजार डॉलर दिले होते. ऑस्ट्रेलियाने २००१ साली २५ हजार दिले. युद्ध संपले होते १९४५ साली. अर्धशतक उलटल्यावर हाती आलेला हा पैसा कृपेचा होता की थकलेल्या देण्याचा, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर १९५१ च्या सॅनफ्रान्सिस्को करारात सापडते. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिकेला जपान लवकर सावरलेला हवा होता. म्हणून करारावर सही करणाऱ्या राष्ट्रांनी आपल्या नागरिकांचे जपानवरील बहुतेक सारे दावे सोडून दिले. कैद्यांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी परदेशांतील काही जपानी मालमत्ता विकून निधी उभारण्यात आला. त्यातून ब्रिटिश सैनिकाच्या वाट्याला सुमारे ७६ पौंड आले. साडेतीन वर्षांच्या कैदेचा हिशेब मांडला, तर दिवसाला सव्वा शिलिंगही पडत नाही. ब्रह्मदेश-सयाम रेल्वेचा ४१५ किलोमीटरचा मार्ग ज्यांच्या श्रमांतून झाला आणि ज्यांचे १२ हजारांहून अधिक सोबती तेथेच मेले, त्यांच्या श्रमाचे हे मोल!

येणे कैद्याचे होते. माफ केले ते सरकारने. मुखत्याराने मालकाचे येणे परस्पर सोडून दिले, तर त्याची तोशीस मुखत्यारानेच सोसायची असते. शत्रूला क्षमा करणे हे राज्यकर्त्यांचे शहाणपण असेल. पण त्या शहाणपणाचा खर्च एकट्या कैद्याच्या पाठीवर लादणे हा न्याय नव्हे.

कृपेचा आणखी एक दोष असा, की ती कोणावर करायची हे देणाराच ठरवतो. ब्रिटिश योजनेतून गुरखा सैनिकांना वगळण्यात आले. युद्धकाळी ते हिंदी सैन्यात होते, हे कारण देण्यात आले. सेनापती तेच, शत्रू तोच, कैदही तीच. आणि तरीही फरक! २००२ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने हे वगळणे वंशभेदावर आधारलेले व असमर्थनीय ठरवले. कैदेत राहिलेल्या नागरिकांना तर आपला जन्म, किंवा आई-वडिलांचा वा आजी-आजोबांचा जन्म, ब्रिटनमध्ये झाल्याचे दाखवावे लागे. ही अटही २००६ साली अपील न्यायालयात टिकली नाही. रेल्वेच्या कामावर मलायातील रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर हजारोंनी मेले. ते सैनिकही नव्हते आणि राज्यकर्त्यांच्या रक्ताचेही नव्हते. त्यांची नावे कोणत्याच यादीत आली नाहीत.

या योजनांत जोडीदाराचा समावेश झाला, ही गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. विधवेवर दया म्हणून तिच्याकडे पाहणे चूक ठरेल. कैदेच्या काळात पती जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसताना तिने घर चालवले. तो परतला तो हिवताप, बेरीबेरी आणि उपासमारीने खिळखिळे झालेले शरीर घेऊन. रात्री दचकून उठणाऱ्या त्या माणसाची शुश्रूषा पुढे वर्षानुवर्षे तिनेच केली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही हिशेबात हे श्रम धरले जात नाहीत. सरकारची रक्कम ही त्या बिनपगारी चाकरीची उशिरा दिलेली, अपुरी मजुरी होती.

आता स्वतःच्या घरात डोकावले पाहिजे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि ४० हजारांहून अधिक हिंदी सैनिक जपानच्या हाती गेले. त्यांपैकी अनेक जण आझाद हिंद सेनेत दाखल झाले. १९७२ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजनेने त्यांना व त्यांच्या विधवांना उशिरा का होईना, मान दिला. तो योग्यच होता. पण जे त्या सेनेत गेले नाहीत, त्यांतल्या हजारोंना न्यू गिनीसारख्या बेटांवर मजुरीला नेण्यात आले आणि तेथे त्यांच्यातले कितीतरी उपासमारीने व रोगाने मेले. इंग्रजांच्या लेखी ते हिंदी, आणि स्वतंत्र भारताच्या लेखी इंग्रजांचे शिपाई! दोन्ही खातेवह्यांतून त्यांचे नाव गळले.

भारताने सॅनफ्रान्सिस्को करारावर सही केली नाही. पराभूत राष्ट्राला अपमानित करू नये, या भूमिकेतून ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र करार केला आणि युद्धभरपाईचे दावे सोडून दिले. हे औदार्य देशाच्या परंपरेला शोभणारे होते. परंतु त्या औदार्याची किंमत न्यू गिनीहून कधीच न परतलेल्या शिपायाच्या घरानेही मोजली, याची नोंद त्या वेळी कोणी घेतली नाही.

ते सैनिक व त्यांच्या पत्नी आज जवळजवळ सारे काळाआड गेले आहेत. आता कितीही रक्कम दिली तरी ती त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. तरीही तत्त्व उरते, आणि पुढच्या प्रत्येक युद्धानंतर ते लागू पडेल. जे राज्य शांततेसाठी आपल्या नागरिकांचे दावे सोडते, त्याने त्याच दिवशी ते देणे स्वतःच्या नावे लिहून घेतले पाहिजे. आणि देताना धनकोचा वंश किंवा जन्मस्थान विचारण्याचा त्याला अधिकार नाही.