सलाईन का बंद केलं?

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. ‘डॉक्टर, बीपी अजून कमीच आहे, मग सलाईन का बंद केलं?’ बाटली टांगलेली दिसली की उपचार चालू आहेत, असा आपला समज. साध्या अशक्तपणालाही आपण सलाईन मागतो, पण तो विषय वेगळा.

या समजाला आधार आहे. १८३२ साली कॉलऱ्याच्या साथीत स्कॉटलंडमधल्या थॉमस लॅटा या डॉक्टरांनी मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडलं आणि त्यातले काही वाचले. जुलाबांनी शरीर कोरडं पडलं असेल, तर आजही तेच करतात.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं बीपी उतरतं, तेव्हा मात्र गणित इतकं सरळ नसतं. अशा वेळी सलाईन दिलं, तर साधारण निम्म्याच रुग्णांचा रक्तप्रवाह वाढतो. हृदयाचा स्नायू बेचकीच्या रबरासारखा असतो. जितका ताण, तितका खडा लांब जातो. पण रबर पुरतं ताणल्यावर आणखी ओढून उपयोग नसतो. मग जास्तीचं पाणी झिरपतं. अंगावर सूज येते, आणि ज्या फुफ्फुसांसाठी व्हेंटिलेटर लावला त्यांतच पाणी साठतं. २००६ साली अमेरिकेत हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुसांना इजा झालेल्या ज्या रुग्णांना बेतानं पाणी दिलं, ते व्हेंटिलेटरवरून लवकर सुटले. मृत्यूच्या प्रमाणात मात्र ठळक फरक नव्हता.

मग आधी ओळखायचं कसं? पूर्वी मानेतल्या मोठ्या शिरेचा दाब बघत. तो अंदाज भरवशाचा नाही. गंमत म्हणजे उत्तर व्हेंटिलेटरच देतो. यंत्र हवा आत ढकलतं तेव्हा छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटकाभर अडतं आणि चार-दोन ठोक्यांनी नाडी हलकी पडते. बीपीच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांमधलं अंतर श्वासागणिक १२-१३ टक्क्यांहून जास्त बदलत असेल, तर हृदयाला आणखी रक्त हवं आहे, असं समजतात. अट अशी, की रुग्ण स्वतः श्वास घेत नसावा, ठोके नियमित असावेत आणि यंत्राचा श्वास पुरेसा मोठा, वजनाच्या दर किलोला निदान ८ मिलिलिटर असावा. आणि इजा झालेली फुफ्फुसं जपायला तर आम्ही ६ मिलिलिटरच देतो!

अशा वेळी एक साधी युक्ती उपयोगी पडते. रुग्णाचं डोकं आणि पाठ उंचावलेली असताना पलंगच असा कलवायचा, की धड आडवं होईल आणि पाय वर जातील. पायांतलं व पोटातलं सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येतं. मिनिटभरात हृदयातून बाहेर पडणारा प्रवाह वाढला का, ते सोनोग्राफीनं किंवा मॉनिटरवर पाहायचं. नुसतं बीपी पाहून भागत नाही. फायदा नसला, तर पाय खाली. थेंबभरही पाणी बाहेरून दिलेलं नसतं.

आणि प्रवाह वाढला म्हणजे सलाईन हवंच, असंही नाही. तुमचे-माझे पाय वर केले तरी तो वाढेल. आपल्याला कुठे सलाईन लागतंय?

हे सांगितल्यावर नातेवाईक विचारतात, ‘मग बीपीचं काय?’ त्यासाठी रक्तवाहिन्या आवळणारं औषध चालू असतं. उशाजवळच्या लहानशा पंपातल्या सिरिंजमधून ते जातं. बाटलीसारखं डोळ्यांत भरत नाही, इतकंच.