'किल्ला'मधला बंड्या



संयोजकांनी 'माझा आवडता चित्रपट' या विषयाला पाचच मिनिटं दिलीत, म्हणून थेट सांगते. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २०१५ च्या जूनमध्ये प्रदर्शित झाला. त्याआधी, २०१४ साली बर्लिन महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिलं होतं. पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरी आपल्या ग्रुपवर विचारलं, तर पाहिलेले चौघेच निघाले!

अकरा वर्षांचा चिन्मय. वडील वर्षापूर्वी गेलेले. आईची बदली होते आणि दोघं पुण्याहून कोकणात येतात. आईचं काम अमृता सुभाषने फार संयमाने केलंय. मायलेकं एकाच घरात राहतात, पण दुःख आपापलं वेगळं सोसतात. चिन्मय कुणाशी धड बोलत नाही.

आणि मग बंड्या. पार्थ भालेरावने साकारलेला. तोंडाळ, उनाड, अभ्यासाशी वाकडं. तो चिन्मयचं सांत्वन वगैरे करत नाही. सरळ सायकलवर, समुद्रावर, खेकडे धरायला घेऊन जातो. हीच पोरं एकदा पावसात चिन्मयला किल्ल्यात एकटं सोडून निघून जातात. लोहगडावर धुक्यात ज्यांची चुकामूक झालीय, त्यांना तो प्रसंग समजावून सांगायला नको. चित्रपट मध्ये थोडा रेंगाळतो, हे खरं. पण त्या प्रसंगानंतरचा चिन्मयचा राग मला सर्वांत खरा वाटला. वडील असेच न सांगता निघून गेले, तो राग कुणावर काढायचा?

आपण नववीत असताना माझे बाबा गेले. तुम्ही सगळे माझ्याशी फार जपून वागलात. डबा पुढे करायचात, वह्या पूर्ण करून द्यायचात, बाबांचं नाव मात्र कुणी काढायचं नाही. भाजे लेण्यांच्या सहलीत, पायऱ्या चढताना, रेल्वेतल्या बदलीमुळे मधेच आलेल्या त्या मुलाने एकदम विचारलं, "तुझे बाबा गेले तेव्हा तू तिथे होतीस का?" बाई त्याला रागावल्या. मी मात्र लेण्यापर्यंत बोलत राहिले. सगळं सांगितलं.

दहावीच्या आधी त्याच्या वडिलांची पुन्हा बदली झाली. आज यादीत त्याचं नाव नाही, कारण तो आपल्यातून दहावी झालाच नाही. कुणाकडे त्याचा पत्ता असेल, तर चहाच्या वेळी मला सांगा. मी डावीकडच्या टेबलापाशी आहे.