नकाशात आमचं खळं कुठं आहे?

आज आपण एका नकाशाबद्दल बोलणार आहोत. नकाशा म्हटल्यावर हे पुरुषांचं काम, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आमच्या गटातही आधी सगळ्या तेच म्हणत होत्या.

आमची वाडी समुद्राकाठची. हद्दवाढ झाली तेव्हा ती शेजारच्या शहरात गेली. घरपट्टी वाढली, नळाला पाणी मात्र पूर्वीइतकंच. मग एक दिवस कळलं, शहराचा विकास आराखडा नव्यानं होतोय. विकास आराखडा म्हणजे पुढच्या वीस वर्षांत कुठल्या जागेवर घरं, कुठं बाजार, कुठं रस्ता, कुठं शाळा हे ठरवणारा कागद. आपल्या राज्यात तो १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे होतो, आणि निदान वीस वर्षांतून एकदा त्याची फेरतपासणी करावी लागते. म्हणजे एकदा चुकलं की पोरी नांदायला जाऊन त्यांची पोरं मोठी होईपर्यंत ते तसंच.

आम्ही पाचजणी नगरपालिकेत नकाशा बघायला गेलो. नकाशे दोन असतात, हे तिथं गेल्यावर समजलं. एक आज जमीन कशी वापरली जाते त्याचा, दुसरा पुढं काय करायचं त्याचा. पिवळं म्हणजे रहिवास, निळं म्हणजे व्यापार. आधी मारुतीचं देऊळ शोधलं, तिथून बोटानं समुद्राकडे सरकलो. जिथं आम्ही बोंबील, जवळा वाळवतो ते खळं पहिल्या नकाशात 'मोकळी जागा' होतं. दुसऱ्या नकाशात तिथं वाहनतळ.

मोकळी जागा कशी? आमचा अंदाज असा की पाहणी करणारे पावसाळ्यात आले असणार. तेव्हा मासेमारीला बंदी, वलांड्या उतरवलेल्या, खळ्यावर कुर्ल्यांशिवाय कोणी नाही. दिवाळीनंतर आले असते तर पाय ठेवायला जागा मिळाली नसती. त्या खळ्यावर आमच्या गटातल्या चौदाजणींचं घर चालतं, आणि गटाचं कर्जही त्या सुकटीच्या पैशातूनच फिटतं.

हे फक्त लहान शहरातच होतं असं नाही. मुंबईचंच बघा. मुंबईचा पहिला आराखडा १९६७ साली मंजूर झाला, दुसरा १९९१ पासून टप्प्याटप्प्यानं. तिसऱ्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये लोकांपुढं आला आणि चुकांचा डोंगर निघाला. जुन्या इमारतींवरून, देवळांवरून रस्ते आखलेले. कोळीवाडे आणि मासळी वाळवायच्या जागा नीट दाखवल्याच नाहीत, ही कोळी बांधवांची तक्रार. हजारो लोकांनी लेखी हरकती दिल्या. आकडा पासष्ट हजारांच्या आसपास गेला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा दुरुस्त करायला परत पाठवला. २०१६ मध्ये सुधारलेला मसुदा आला, पुन्हा हरकती झाल्या, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून आराखडा लागू झाला.

त्यात बायकांच्या संघटनाही मागं नव्हत्या. पाळणाघर, शौचालय, फेरीवाल्या बायकांना बसायला जागा, हे त्यांनी लावून धरलं. शेवटच्या आराखड्यात नोकरी करणाऱ्या बायकांसाठी निवास, आधार केंद्र, बेघरांसाठी निवारा अशी आरक्षणं आली. आरक्षण पडलं म्हणजे इमारत उभी राहिली असं मात्र समजू नका. मागच्या आराखड्यातली कितीतरी आरक्षणं कागदावरच राहिली. पण कागदावरच नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर?

तर आम्ही हरकत लिहिली. मुदत सूचनेत छापलेली असते, ती टळली की संपलं. गट नंबर तलाठ्याकडून घेतला, खळ्याची लांबी-रुंदी नाडीच्या टेपनं मोजली, हंगामातले फोटो लावले, आणि कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत मासळी वाळते ते लिहिलं. अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का आणि आवक नंबर. पहिल्या दिवशी खिडकीवरचे भाऊ म्हणाले, "ठेवून जा." आम्ही शिक्का मिळेपर्यंत बाकावर बसलो.

सुनावणीला बोलावलं तेव्हा पोटात गोळा आला होता. समितीतल्या साहेबांनी विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?" आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. नाव आमच्या कुणाचंच नाही. जागा वाडीची, पिढ्यान्‌पिढ्या वापरातली. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या आत्या उठल्या. म्हणाल्या, "साहेब, नाव नाही, पण माझ्या सासूनं मला तिथंच बोंबील अडकवायला शिकवलं. तुमच्या गाड्या दुसरीकडे उभ्या राहतील. मासळी दुसरीकडे कुठं वाळवू?" साहेबांनी लिहून घेतलं. त्यांना लिहून घ्यावंच लागतं, कारण हरकत कोणाही व्यक्तीला घेता येते, मालकीची अट कायद्यात नाही. हे आम्हाला आधी माहीत असतं तर त्या खोलीत घाबरलो नसतो. म्हणून आज तुम्हाला सांगतोय.

ज्यांची गावं अजून ग्रामपंचायतीत आहेत त्यांनी निश्चिंत राहू नये. शहर सरकतंय, आज ना उद्या हद्द तुमच्या बांधाशी येईल. तुमचं खळं नसेल, तर आठवडी बाजारात बसायची जागा असेल, पाणवठा असेल, शेळ्या चारायचं गवत असेल. ते नकाशावर दिसतं का, एवढं तरी बघून या. नकाशा बघायला पैसे पडत नाहीत.

आमचा निकाल अजून आलेला नाही. समितीचा अहवाल पुढं शासनाकडे जातो, शासन मंजुरी देतं, मोठा बदल केला तर पुन्हा हरकती मागवतं. दर महिन्याच्या बैठकीनंतर आमच्यातल्या दोघीजणी नगरपालिकेच्या फलकावर काही लागलंय का ते बघून येतात. शिक्का मारलेली प्रत बचतीच्या पेटीत, पासबुकांच्या खाली ठेवली आहे. यंदाच्या वलांड्या उभ्या राहिल्यात, वाऱ्याची दिशाही बरी आहे.