पाणी गाळायला शिकवणारी पदवी



पत्रिकेवर विषय छापलाय ‘सार्वजनिक आरोग्य : काल, आज आणि उद्या’. कालचं आपल्याला ठाऊक आहे. १८९७ चा प्लेग, रँडसाहेब, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच साथीत गेलेल्या सावित्रीबाई, हे या सभागृहात नव्यानं सांगायला नको. भोर समितीचा १९४६ चा अहवाल, १९७० मध्ये जामखेडला आरोळे दांपत्यानं सुरू केलेलं काम, गडचिरोलीत बंग दांपत्याचं काम, २००५ नंतर गावोगाव आलेल्या आशाताई, यांवरही इथं बोलणं झालेलं असणार. तेव्हा मी थेट उद्याकडे वळतो. लोकांना आरोग्य शिकवणं हे स्वतंत्र शास्त्र आहे, आणि बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींना ते पदवीसाठी शिकता आलं पाहिजे. हेच सांगायला मी आज आलोय.

पहिल्या रांगेतल्या डॉक्टर मंडळींच्या कपाळावर आठी दिसतेय. डॉक्टरसाहेब, तुमच्याबद्दल मला आदरच आहे. माणूस आजारी पडून तुमच्याकडे येतो. मी त्याच्या आधीच्या वर्षाबद्दल बोलतोय. वर्ष म्हणालो ते उगीच नाही, नारूचा हिशेब वर्षाचाच असतो.

तरुणांना नारू माहीत नसेल. मी बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी म्हणून मराठवाड्यात लागलो तेव्हा, म्हणजे १९८५ च्या सुमारास, तो होता. गावाला पायऱ्यांची विहीर. बायका घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागर बुडवायच्या. नारू झालेला पाय पाण्यात पडला की फोड फुटतो, अळ्या पाण्यात सुटतात. टिंबाएवढा पाणपिसू, सायक्लॉप्स, त्या गिळतो आणि त्याला आपण पितो. साधारण वर्षानं पायातून पांढरा दोरा बाहेर येतो, कधी कधी दोन हात लांब. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस खाटेवर, आणि तेही बहुतेकदा पेरणीच्या तोंडाशी.

माझ्या पिशवीत छापील चित्रं होती, ‘पाणी गाळून प्या’. चावडीवर लावली. महिनाभरात पावसानं त्यांचा लगदा झाला, पाणी कुणी गाळलं नाही. एके दिवशी एक आजी ओट्यावर बसून पोटरीतला नारू आगकाडीला गुंडाळत होत्या. मी म्हटलं, ‘आजी, हा पाण्यातून आला.’ त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘लेकरा, पानी काल बी पेले, आज बी पेले. सगळं गाव पितंय. मग मलाच का?’

मी निरुत्तर झालो. माझं प्रशिक्षण तिथंच संपत होतं. रात्री विचार करून दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि एवढंच विचारलं, ‘आजी, मागच्या पेरणीला कुठं होता?’ त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. संक्रांत, दिवाळी, पोळा, पंचमी, असं मागं मागं जात आखाडावर आल्या. त्या आखाडात त्या लेकीच्या बाळंतपणाला तिच्या गावी होत्या. ‘तिथं व्याह्याच्या पायाला बी हेच होतं,’ त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मग आपल्या पायाकडे पाहिलं. त्याच पायानं त्या रोज आमच्या विहिरीत उतरत होत्या. त्यांनी सुनेला हाक मारली, ‘अगं, ते जुनं धोतर आण. दुपदरी कर.’

एवढ्यावर गाव सुधारलं असं समजू नका. हातपंप बसवला, तर बायका त्याचं पाणी नेईनात. आम्ही म्हणायचो, अडाणी आहेत. कारण विचारायला तीन महिने लावले. त्या पाण्यात डाळ शिजत नव्हती. (हशा) हसू नका, सरपण डोक्यावरून आणणाऱ्या बाईला विचारून बघा. मग ठरलं, प्यायला पंपाचं पाणी, शिजवायला विहिरीचं, गाळून. आणि ज्याच्या पायाला फोड, त्यानं पायरी उतरायची नाही. त्याची घागर शेजारणीनं भरायची. हे शेवटचं कलम बायकांनीच घातलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. मला वाटलं होतं नारूवर पाचच मिनिटं बोलेन. मग अभ्यासक्रम भराभर सांगतो. साथरोगशास्त्र, थोडी संख्याशास्त्राची बैठक, पोषण, पाणी आणि स्वच्छता, समाजशास्त्र, संवाद. आणि प्रत्येक सत्रात सहा आठवडे एकाच गावात मुक्काम, तीन वर्षं तेच गाव. वर्षाचा हिशेब त्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे हे शिक्षण बहुतेक ठिकाणी पदवीनंतर मिळतं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही ते एम.पी.एच. म्हणूनच शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. पण तालुक्याची मुलगी तिथवर पोचेपर्यंत तिचं लग्न झालेलं असतं. तिला अठराव्या वर्षीच हा दरवाजा उघडा हवा.

मागून कुणीतरी विचारलं, नोकरी कुठं? रास्त प्रश्न आहे. आज या पदवीच्या नावानं पुरेशा जागा नाहीत, हे मी लपवत नाही. पण नगरपालिका, जिल्हा परिषद, साखर कारखाने, शाळा, या सगळ्यांना असं माणूस लागतं आणि आज ते काम ज्याला वेळ असेल त्याच्या गळ्यात मारलं जातं. जागा मागायच्या तर आधी शिकलेली माणसं उभी करावी लागतील.

माणसाला द्यायला नारूवर लस नव्हती, औषध नव्हतं. विहिरी बांधून काढल्या, पाण्यात औषध टाकलं, आणि घरोघरी पाणी गाळायला शिकवलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. ते शिकवणारे आम्ही बहुतेक जण चुकत चुकत शिकलो. आमच्या चुकांची किंमत गावानं पेरणीचे दिवस खाटेवर काढून मोजली.

घंटा झाली. समोर दोन महाविद्यालयांचे प्राचार्य बसले आहेत. सर, मॅडम, येत्या वर्षी निदान प्रमाणपत्र अभ्यासक्रमानं सुरुवात करा. मी मानधन न घेता शिकवायला येईन. माझा पत्ता संयोजकांकडे दिलेला आहे.