भातावरचा पिवळा पतंग

धाटावच्या आपल्या भातशेतीत रात्री दिव्याकडे येणारा लहानसा पिवळट पतंग तुम्ही पाहिला असेल. पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका असला, तर ती खोडकिड्याची मादी. नर तिच्याहून लहान, तपकिरी.

पतंग भात खात नाही, खाते ती त्याची अळी. मादी पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते आणि पिवळट केसांनी झाकते. अळी खोडात शिरून आतून पोखरते. कोवळ्या रोपाचा गाभा सुकतो. पुढे लोंबी पांढरी, पोकळ येते, तीच पळींज. तिच्यात दाणा भरत नाही, मग औषध मारून काय उपयोग?

म्हणून इलाज आधी करायचा. लावणीच्या वेळी रोपांच्या मुठीचे शेंडे कापा आणि नष्ट करा, त्यांच्यासोबत अंडी जातात. कापणी जमिनीलगत करा. उरलेल्या धसकटांत अळी दडून राहते, म्हणून कापणीनंतर नांगरून धसकटं वेचून टाका.

लावणी आणि कापणी आपल्याच हातची कामं. पण एकीने करून भागत नाही, पतंग शेजारच्या शेतातून उडत येतो. तेव्हा यंदा लावणीआधीच्या बैठकीत सगळ्याजणींनी मिळून हे ठरवूया.