इम्पॅक्ट गन: नट खोलायला वाघ, पण शेवटचा आवळ हातानेच

आजचा विषय तुमच्या मेसेजमधूनच आलाय. बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट रेंच, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत 'गन', घ्यावी का आणि घेतली तर वापरावी कशी? बाईकवाले विचारतायत, कारवाले विचारतायत, आणि नुकतंच टायरचं दुकान टाकलेले दोघं-तिघंही विचारतायत. तर आज सगळं सांगतो. कान इकडे द्या.

आधी ही गन आत काय करते ते समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. साधी ड्रिल मशीन नुसती पिळते. अडकली की ती तुमचं मनगट पिरगाळते. गनमध्ये तसं होत नाही. तिच्यात एक फिरणारा हातोडा असतो. नट घट्ट लागला की हा हातोडा स्प्रिंगवर मागे सरकतो, सुटतो आणि पुढच्या दांड्यावर, म्हणजे अँव्हिलवर, फटका मारतो. मिनिटाला दोन-तीन हजार फटके. तो टकटकटक आवाज येतो ना, तो याचाच.

आता गंमत बघा. फटका नटाला बसतो, हाताला फारसा कळत नाही. म्हणूनच अडकलेला नट चुटकीसरशी सुटतो आणि आपण खूश होतो. पण नट आवळताना हीच गोष्ट धोक्याची. हाताला जोर कळतच नाही, त्यामुळे नट किती आवळला गेला याचा अंदाजही येत नाही. ट्रिगर दोन सेकंद जास्त दाबला की आवळ वाढतच जातो.

थोडा हिशोब करू. बऱ्याच छोट्या कारच्या चाकाचे नट साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटरला आवळायचे असतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा ओनर्स मॅन्युअलमध्ये बघा. मधल्या ताकदीची गन सहज ३०० च्या पुढे जाते. समजा कोणी तुमचा नट ३०० ला आवळला, आणि रात्री साडेअकराला घाटात टायर पंक्चर झाला. डिकीतला व्हील पाना साधारण पाव मीटर लांब. १०० ला आवळलेला नट खोलायला त्या पान्यावर ४० किलोच्या आसपास भार लागतो. हात आणि अंगाचा जोर देऊन ते जमतं. ३०० ला आवळलेल्या नटाला लागतो १२० किलोच्या वर! म्हणजे स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे, पण चाक निघत नाही. तुमच्या आईला किंवा बहिणीला ते जमेल का, विचार करा.

आणि हे फक्त अडकण्यापुरतं नाही. चाकाचा स्टड एखाद्या ताठ स्प्रिंगसारखा काम करतो. आवळला की किंचित ताणला जातो, आणि त्या ताणानेच चाक धरून राहतं. मर्यादेबाहेर ताणला की तो कायमचा लांबतो, आटे खराब होतात, आणि कधीतरी तो तुटतो. नट कमी-जास्त आवळलेले असतील तर ब्रेक डिस्कवर वाकडा ताण येतो आणि ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरू शकतं.

मग पद्धत काय? लिहून घ्या.

एक. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, समोरच्या चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही.

दोन. नट गनने खोला, बिनधास्त. तिचं खरं काम तेच.

तीन. परत बसवताना प्रत्येक नट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवा. तिरका बसला असेल तर बोटांना लगेच कळतं. गनला कळत नाही, ती आटे कापून मोकळी होते.

चार. गन सगळ्यात कमी स्पीडवर ठेवा. टकटक सुरू झाली की ट्रिगर सोडा. नट ओळीने आवळू नका, समोरासमोरचे घ्या, चांदणी काढल्यासारखे.

पाच. चाक जमिनीला टेकवा आणि टॉर्क रेंचने शेवटचा आवळ द्या. 'कट्' आवाज आला की बस. टॉर्क रेंच नसेल तर गाडीतला पाना हाताने नीट जोर देऊन आवळा. पान्यावर उभं राहायचं नाही, त्याला पाइप लावायचा नाही. साधारण ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की एकदा परत तपासा.

आणखी एक. आट्यांना ऑइल लावायचा मोह टाळा. ऑइलमुळे घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो.

आता सॉकेट. घरच्या सेटमधलं चकचकीत क्रोमचं सॉकेट गनला लावू नका. ते कडक असतं, फटक्यांनी तडकतं आणि तुकडा उडतो. गनसाठी काळं, जाड भिंतीचं, सहा कोनांचं इम्पॅक्ट सॉकेट घ्या. सॉकेट बदलण्याआधी बॅटरी काढा. दहा सेकंदांचं काम आहे.

डोळ्यांवर गॉगल हवाच, गंज आणि माती थेट तोंडावर उडते. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस, ढगळ हातमोजे दूर ठेवा. आणि कान! गनचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशोबाने एवढ्या आवाजात दिवसाला १५ मिनिटं ही मर्यादा आहे. गॅरेजवाल्या मित्रांनो, तुमच्यासाठी इअरमफ म्हणजे चैन नाही. बोटांना वारंवार मुंग्या येत असतील किंवा ती पांढरी पडत असतील तर डॉक्टरांना दाखवा, दुर्लक्ष करू नका.

आता बॅटरी. लिथियम सेल ३.६ व्होल्टचा. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट, फुल चार्ज झाल्यावर २१. म्हणून काही कंपन्या १८ लिहितात, काही २१. स्वस्त गनवर '४८' किंवा '८८' असं मोठं छापलेलं दिसलं तर चार्जर उलटा करून बघा. त्यावर आउटपुट २१ असेल तर आत पाचच सेल आहेत. स्टिकरला भुलू नका.

आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीची डिकी भट्टी होते, तिथे बॅटरी ठेवू नका. काम झाल्या झाल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका, आधी थंड होऊ द्या. महिनाभर वापर नसेल तर अर्धी चार्ज करून ठेवा. खिळे-स्क्रूच्या डब्यात उघडी टाकू नका, टर्मिनल शॉर्ट होतात. फुगलेली किंवा पडून तडा गेलेली बॅटरी वापरू नका, उघडूही नका, कचऱ्यातही टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा डीलरला विचारा.

बाकी देखभाल सोपी. हवेच्या जाळीतली धूळ ब्रशने काढा, बॉडी कोरड्या कापडाने पुसा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, प्लॅस्टिक खराब होतं. पावसात भिजली तर बॅटरी काढून पूर्ण सुकवा. आवाज बदलला किंवा सॉकेट सैल बसायला लागलं तर सर्व्हिसला द्या.

शेवटी एक गृहपाठ. या रविवारी गाडी सपाट जागेवर लावा, जॅक न लावता, आणि गाडीतल्याच पान्याने चाकाचा एक नट सैल होतो का बघा. होत असेल तर परत नीट आवळून पुढचा. होत नसेल तर पंक्चरवाल्या दादांकडे जा, नट सोडवून घ्या आणि सांगा, "दादा, शेवटचा आवळ हाताने द्या." घरातल्या ज्या कोणाला गाडी चालवता येते, त्या प्रत्येकाला हा प्रयोग करायला लावा.

काय निघालं ते मेसेज करून कळवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!